लाल झेंडी कोणी दाखवायची?

सकाळी सहाच्या सुमाराला एकदा दौंड स्टेशनच्या फलाटावर उभे राहून पाहा, नाहीतर शिरूरच्या एस.टी. स्टँडवर. पाठीला काळी पिशवी, गळ्यात फीत, फितीला कंपनीचे ओळखपत्र, अशी पंचवीस-तीस वर्षांची मुलेमुली पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. दौंडहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर, शिरूरहून थोडे कमी. कोणी हडपसरला उतरणार, कोणी खराडीला, कोणी पार हिंजवडीपर्यंत जाणार. ही आपलीच मुले. कोणाचा बाप पाटसच्या बाजूला ऊस करतो, कोणाची आई रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. मुलगा काय करतो असे विचारले, की आईबाप सांगतात, "सॉफ्टवेअरमध्ये आहे." आणि लगोलग पगाराचा आकडा. त्या आकड्याच्या पलीकडचे आपल्याला काही ठाऊक नसते. तिथे काम कसले चालते, साहेब कसा आहे, शेजारी बसणारा माणूस मदतीला येतो की नाही, हे आपण विचारीत नाही. विचारले तर पोरगे म्हणते, "तुम्हाला नाही कळायचं." आणि आपण गप्प बसतो.

मला वाटते, कळते. न कळण्याजोगे त्यात फारसे काही नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते यंत्राविषयी नव्हे, कारभाराविषयी. आणि कारभार म्हटला म्हणजे तो साखर कारखान्याचा असो, सोसायटीचा असो, शाळेचा असो, त्याची कळ एकाच ठिकाणी दुखते.

आधी ह्या कंपन्या विकतात काय, ते पाहू. काही कंपन्या तयार माल विकतात, पण आपल्याकडच्या पुष्कळशा कंपन्या माणसांचा वेळ विकतात. अमेरिकेतली बँक असते, इंग्लंडातले मोठे दुकान असते. त्यांचा हिशेब, त्यांची कोठारे, त्यांच्या पावत्या संगणकावर बसवून द्यायच्या आणि पुढे त्या चालत्या ठेवायच्या. इतकी माणसे, इतके महिने, तासाला इतका दर. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात मुकादम टोळी घेऊन येतो ना, तसेच हे बरेचसे आहे. करार मुकादमाचा, कोयते किती आणि टन किती याचा हिशेबही मुकादमाकडे. मुकादम माणूस असेल तर तापाने फणफणलेली बाई एक दिवस खोपीत पडून राहू शकते. नसेल तर तीच बाई फडात मोळ्या बांधताना दिसते. इथे कोयत्याच्या जागी कळफलक आला आणि खोपीच्या जागी काचेची इमारत आली, इतकेच. ज्या मुलाला गिऱ्हाइकाचे काम मिळालेले नाही त्याला तिथे 'बेंचवर आहे' असे म्हणतात. आमच्या वेळी शाळेत बाकावर उभे राहण्याची शिक्षा असे. ह्यांच्याकडे बाकावर बसण्याची आहे.

हा धंदा आपल्या जिल्ह्याला परका नाही. आज जिचे नाव जगभर आहे ती इन्फोसिस कंपनी १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सोबती, भांडवल दहा हजार रुपये. ते पैसे सुधाताई मूर्तींनी आपल्या साठवणीतून काढून दिले होते. त्या स्वतः अभियंता. त्यांची एक गोष्ट त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. १९७४ च्या सुमारास त्या बंगळूरला शिकत असताना टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात लागली. खाली लिहिले होते, स्त्रियांनी अर्ज करू नयेत. सुधाताईंनी एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे.आर.डी. टाटांना लिहिले, की तुमच्यासारख्या घराण्याच्या कंपनीने असा भेदभाव करावा याचे नवल वाटते. पुढे त्यांना तार आली, पुण्याला मुलाखतीला या. टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या.

आता ह्या गोष्टीत सुधाताईंचे धैर्य सगळ्यांना दिसते, आणि ते आहेच. मला मात्र त्या पोस्टकार्डाचा प्रवास दिसतो. एका अनोळखी मुलीचे, तेही खरमरीत, कार्ड. ते टपालखान्यातल्या कारकुनाने टोपलीत टाकले नाही. मधल्या कोणा साहेबाने 'वर कशाला दाखवायचे' म्हणून दाबले नाही. ते वरपर्यंत गेले आणि जाहिरातीतली चूक चूक मानली गेली. कंपनीची रीतभात कशी आहे हे पाहायचे असेल तर तिच्या भिंतीवरच्या पाट्या वाचू नका. खालून निघालेले कार्ड वर पोचते का, ते पाहा.

इन्फोसिस वाढली. १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली, पुढे कर्मचाऱ्यांनाही कंपनीचे भाग देण्याची पद्धत तिने पाडली, १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात तिची नोंद झाली. हिंजवडीत तिचा मोठा परिसर उभा राहिला. पण मोठ्या घरातही दिवस फिरतात. २०१४ मध्ये संस्थापकांच्या बाहेरचे पहिले मुख्याधिकारी म्हणून विशाल सिक्का आले. पुढच्या दोन-तीन वर्षांत पनाया नावाची परदेशी कंपनी विकत घेण्यावरून, आणि नोकरी सोडून गेलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला दिलेल्या रकमेवरून, संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात वाद पेटला. खरेदीत गैरव्यवहार आढळला नाही असे चौकशीनंतर कंपनीने जाहीर केले. ते असो. पण पत्रे वर्तमानपत्रांतून फिरू लागली, आणि १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्कांनी राजीनामा दिला. आठवडाभरात नंदन निलेकणी परत आले, गाडी रुळावर आली. त्या काळात कंपनीत सुमारे दोन लाख माणसे होती. दोन लाख माणसे सकाळी उठून आपल्याच घरातला तंटा पेपरात वाचीत होती. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. थोरल्या भावांचे भांडण पारावर आले म्हणजे धाकट्यांनी कोणाकडे पाहावे, एवढाच माझा प्रश्न.

त्याच्या आधीची सत्यमची गोष्ट तर याहून भयंकर. हैदराबादची ही कंपनी, पन्नास हजारांच्या आसपास नोकर. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे प्रमुख रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले, की वर्षानुवर्षे हिशेब फुगवून दाखवले आहेत. आकडा हजारो कोटींचा. हजारो खोटी बिले तपासात निघाली. सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले, आणि एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ती कंपनी घेऊन पन्नास हजार चुली विझू दिल्या नाहीत. २०१५ मध्ये न्यायालयाने राजूंना शिक्षा सुनावली. आणि गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही खरे तर, त्याच टेक महिंद्राचे नाव २०१७ च्या जुलैमध्ये वेगळ्याच कारणाने गाजले. मनुष्यबळ विभागातून एका कर्मचाऱ्याला फोन गेला होता, की उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या. ते संभाषण ध्वनिमुद्रित झाले आणि देशभर ऐकले गेले. तेव्हा आनंद महिंद्रांनी स्वतः जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच केले. तसे सगळीकडे होत नाही.

अलीकडे, २०२५ च्या जुलैमध्ये, टाटांच्या टीसीएस कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करणार असे सांगितले. एकूण माणसांच्या मानाने हा आकडा शेकडा दोनच. पण ज्या घरातला तो एक असतो त्या घराला शेकडेवारी कळत नाही.

हे झाले मोठ्यांचे, पेपरात येणारे. पण घर वाळवीने पोखरते ते पेपरात येत नाही. म्हणून आता एक छोटी गोष्ट सांगतो, माझ्या ओळखीतली. कंपनीचे नाव सांगणार नाही, मुलाचेही नाही.

मुलगा माझा विद्यार्थी. दौंड तालुक्यातला, बाप रेल्वेत कामाला होता. पोरगे गणितात चलाख, पण बोलायला बुजरे. अभियांत्रिकी करून नगर रस्त्याला एका कंपनीत लागला, हडपसरला खोली घेऊन राहिला. पहिली चार वर्षे त्याची वरिष्ठ म्हणून एक बाई होत्या, सोलापूरकडच्या. त्यांच्याकडे दर शुक्रवारी एक तक्ता भरायचा असे. ज्याने त्याने आपल्या कामापुढे रंग लावायचा. हिरवा म्हणजे काम वेळेवर आहे. पिवळा म्हणजे थोडे मागे आहे. लाल म्हणजे अडले आहे. ह्याने पहिल्यांदा लाल लावला तेव्हा त्याची छाती धडधडत होती. त्या बाई आल्या, शेजारची खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, "काय अडलंय, दाखव." दोन तास बसल्या. त्यांनाही सुटेना, तेव्हा त्यांनी तिसऱ्या माणसाला बोलावले. संध्याकाळी गाडे सुटले. मुलगा मला सांगत होता, "सर, त्या वर्षात मी जेवढं शिकलो तेवढं कॉलेजात नाही शिकलो."

मग कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. बाई निघून गेल्या. नवे साहेब आले. ते वाईट होते असे मुलगा म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. त्यांच्या डोक्यावर दुसरे साहेब होते, त्यांच्यावर तिसरे, आणि प्रत्येकाला वर हिरवा तक्ता पाठवायचा होता. पहिल्याच शुक्रवारी एका मुलीने लाल लावला. नव्या साहेबांनी तिला सगळ्यांच्या समोर विचारले, "हे आधी का नाही सांगितलं? आता गिऱ्हाइकाला मी काय तोंड दाखवू?" झाले. पुढच्या शुक्रवारी पिवळे दोन होते. तिसऱ्या शुक्रवारी सगळा तक्ता हिरवागार, श्रावणातल्या डोंगरासारखा. साहेब खूश, त्यांचे साहेब खूश. काम मात्र जिथे अडले होते तिथेच अडलेले.

आणखीही बारीक बारीक बदल झाले. पूर्वी दुपारी सगळे एकत्र डबा खात, आता जो तो आपल्या यंत्रापुढे खाऊ लागला. कोण किती वेळ जाग्यावर आहे हे यंत्रच मोजू लागले, तेव्हा काहींनी यंत्राला फसवण्याच्या युक्त्या शोधल्या. वर्षअखेरीला गुण देताना, दहांतल्या एकाला खालचा गुण दिलाच पाहिजे असा नियम आला. काम सगळ्यांनी चांगले केले असले तरी. श्रोत्यांत जे शिक्षक आहेत त्यांना विचारतो, तुमच्या वर्गातली तीसच्या तीस मुले उत्तीर्ण झाली आणि वरून हुकूम आला की तिघांना नापास करा, तर त्या वर्गातली मुले एकमेकांना वही दाखवतील का?

अशात एके दिवशी ह्या मुलाच्या ध्यानात आले, की महिनाअखेरीच्या हिशेबात काही ग्राहकांना रक्कम दोनदा लागते आहे. त्याने साहेबांना लेखी कळवले. उत्तर आले, सध्या हे बाजूला ठेव, आधी नवे काम पुरे कर. त्याने बाजूला ठेवले. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही, हे तो कबूल करतो. दोन महिन्यांनी ते फुटले. परदेशातल्या शेकडो लोकांच्या खात्यातून पैसे दोनदा गेले. आता कोणाचे तरी नाव पुढे करायला हवे होते. त्याने आपले पत्र दाखवले. तेव्हा त्याला सांगण्यात आले, "पत्र लिहिलंस, पण पाठपुरावा केला नाहीस." महिनाभर 'सुधारणेची संधी' म्हणून रोज प्रगती लिहून घेतली. मग एका दुपारी वीस मिनिटांची बैठक. संध्याकाळपर्यंत राजीनामा दे, नाहीतर काढून टाकल्याची नोंद होईल आणि पुढे कोणी उभे करणार नाही. त्याने सही केली. ओळखपत्र दारावरच्या पहारेकऱ्याकडे दिले आणि रात्रीच्या गाडीने घरी आला.

घरी सांगितले, घरूनच काम करायला परवानगी मिळाली आहे. करोनाच्या साथीनंतर हे कोणालाही खरे वाटते. बाप बाजारात, पारावर, अभिमानाने तसेच सांगू लागला. मुलगा रोज सकाळी नऊला माडीवर यंत्र उघडून बसे आणि संध्याकाळी सहाला बंद करी. जेवायला हाक मारली तर म्हणे, मीटिंग आहे. चौथ्या आठवड्यात तो माझ्याकडे आला.

त्याने सगळे सांगितले. आणि श्रोतेहो, मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पगार किती होता रे?" तोंडातून शब्द गेला आणि माझीच मला लाज वाटली.

लाज वाटायला आणखीही एक कारण होते. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत एक नव्या बाई आल्या होत्या. पोषण आहाराचे काम त्यांच्याकडे दिले. पंधरा दिवसांत त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या. मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर वहीप्रमाणे खोलीत जितकी पोती हवीत तितकी नाहीत. तपासणी आठ दिवसांवर आली होती. मी म्हणालो, "बाई, एवढी तपासणी होऊन जाऊ द्या, मग बघू." तपासणी झाली. मग काही मी पाहिले नाही. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटले, मिटले. त्याच पावसाळ्यात दुसरीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला मोठा तडा गेल्याचे मला गावातल्या एका माणसाने दाखवले. मुले आम्ही लगेच हलवली, म्हणून निभावले. नंतर कळले, की बाईंनी तो तडा जूनमध्येच पाहिला होता. विचारले तर शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, सर."

खरे म्हणजे मी त्यांना रागावलो नव्हतो, ओरडलो नव्हतो. नुसते 'मग बघू' म्हणालो होतो. तेवढे पुरले.

ह्याच्या उलट माणूस आपल्या शिरूर तालुक्याने पाहिला आहे. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी जागा सोडून ते ह्या कोरडवाहू गावात राहिले आणि विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेली, नापास झालेली मुले तिथे येत. लोखंड जोडणे, वीज भरणे, जनावरे पाळणे, जमिनीखालचे पाणी शोधणे, हे सगळे हातांनी करीत शिकायचे. त्रिकोणी सांगाड्यांची गोल घुमटासारखी घरे त्या मुलांनी बांधली. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या एम.आय.टी. ह्या प्रख्यात संस्थेच्या धर्तीवरची 'फॅब लॅब', म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे निघाली. जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक. पाबळात, बरं का! कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांच्या पद्धतीत एक साधी गोष्ट होती. सांधा चुकला तर चुकलेला सांधा सगळ्यांना दिसतो, तो लपवता येत नाही, आणि म्हणून चुकण्याची भीतीही उरत नाही. पुन्हा जोडायचा. आमच्या शाळांत चूक लाल शाईने गोल करून घरी पाठवतात. हीच मुले उद्या तक्त्यावर लाल रंग लावायला भितात, यात नवल काय?

आता थोडे व्यवहाराचे. रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराला जादा कामाचा दर काय, हे तोंडपाठ असते. त्याचाच पदवीधर मुलगा काचेच्या इमारतीत रात्री अकरापर्यंत बसतो आणि त्याला वाटते, कायदा आपल्यासाठी नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा ह्या कचेऱ्यांनाही लागू आहे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यात आहे, जादा तासांना दुप्पट दराने वेतन आहे. व्यवस्थापकीय अधिकाराच्या जागा त्यातून वगळल्या आहेत खऱ्या, पण नुसते 'मॅनेजर' हे नाव चिकटवले म्हणून कोणी अधिकारी होत नाही. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले होते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन, की स्वतःच्या कंपनीसाठी सत्तर तास राबणे वेगळे आणि दुसऱ्याच्या तक्त्यासाठी राबणे वेगळे. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीत नव्याने लागलेली सव्वीस वर्षांची मुलगी वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. ते पत्र तरी पोचले. पण पत्र लिहायला आई लागली.

म्हणून मुलाला राजीनाम्यावर सही करायला सांगितले, तर त्याच दिवशी करू नको म्हणावे. विचार करायला वेळ मागावा, जे सांगतात ते लेखी मागावे. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, आपण कळवलेल्या गोष्टींच्या तारखा यांच्या नोंदी घरी ठेवाव्यात. कंपनीची गुपिते मात्र घरी आणू नयेत, ते अंगाशी येते. पुण्यात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे अर्ज देता येतो. संगणक क्षेत्रातल्या नोकरांच्या संघटनाही आता पुण्यात काम करतात. आणि मुलगा सुट्टीला घरी आला, की पगारवाढ किती हे विचारण्याआधी विचारा, तुझ्या कामात अडचण आली तर तू कोणाला सांगतोस? तो जर म्हणाला 'कोणाला नाही', तर त्याला थोडे जवळ बसवा.

त्या मुलाला मी म्हणालो, घरी सांग. तो म्हणाला, "आबांना काय वाटेल?" मग मीच त्याच्याबरोबर गेलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते. मुलाने खाली मान घालून सगळे सांगितले. रंगांचा तक्ता, पत्र, सही, सगळे. आबांनी मध्ये एक शब्द विचारला नाही.

आबा रेल्वेत कीमन होते, कडेठाण ते पाटस ह्या बाजूला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीमन म्हणजे रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालत तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा-पाना, जवळ लाल झेंडी आणि रुळाला बांधायचे फटाके. रुळाला तडा दिसला, काही घातक दिसले, की तो फटाके बांधतो, झेंडी लावतो आणि गाडी थांबते. गाडीत मंत्री बसलेला असो की बटाटे भरलेले असोत. खात्यातल्या खालच्या पायरीवरचा माणूस, पण त्या घटकेला त्याच्या हुकमापुढे इंजिन उभे राहते.

बऱ्याच वेळाने आबा बोलले ते माझ्याकडे पाहून. "गुरुजी, मी नवा हुतो तवाची गोष्ट. धुकं हुतं. मला वाटलं, जोडाला चीर हाय. थांबिवली गाडी. एक्सप्रेस हुती. समदे उतरून खाली आले. मोठं सायेब आलं दौंडावरनं. बघितलं तर चीर न्हवती, गंजाची रेघ हुती. माझं तर पायच लटपटाय लागलं, म्हणलं गेली नोकरी. सायबानं इचारलं, 'कुठं वाटलं तुला?' मी दावलं. त्यो खाली बसला, हात लावून बघितलं. मग म्हणला, 'ठीक हाय. पुन्यांदा वाटलं तर पुन्यांदा थांबव.' बास. येवढंच."

मग त्यांनी मुलाकडे पाहिले. "आरं, मग तू झेंडी दावलीच हुतीस की. त्यांनी गाडी न्हाय थांबवली, त्याला तू काय करनार?"

मुलगा तिथेच पायरीवर बसला आणि रडला. बत्तीस वर्षांचा बाप्या. त्याची आई चहा टाकायला आत गेली.

पुढच्या आठवडे बाजाराला मी आणि आबा एका टपरीवर उभे होतो. ओळखीचा एक माणूस आला. नेहमीप्रमाणे त्याने विचारले, "काय आबा, पोरगं घरूनच काम करतंय न्हवं?" आबांनी कपातला चहा संपवला.

"न्हाय," ते म्हणाले. "काढलं त्येला. झेंडी दावली म्हनून काढलं. दुसरीकडं बघतुय आता."

आणि त्यांनी त्या माणसासाठी आणखी एक चहा सांगितला.